एका घरात एकच माइक

१

शिट्टी वाजायला हवी होती आणि वाजली नाही. खटकलेली पहिली गोष्ट एवढीच.

सकाळची मीटिंग चालू होती. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मी, स्वयंपाकघराकडच्या टोकाला वहिनी, मध्ये चहाचे कप. संपादकबाईंनी मला काहीतरी विचारलं. मी गडबडीने माइक उघडून उत्तर दिलं आणि बोलून झाल्यावर पाहिलं, तर वहिनीचाही माइक उघडा. तिचा स्पीकर चालू, माझाही चालू. इंजेक्शनच्या आधी आवळतात तसे मी खांदे आवळले, डोळे मिटले.

काहीच झालं नाही. "बरं, पुढे," संपादकबाई म्हणाल्या. वहिनी माझ्याकडे बघून हसली आणि तिने कप उचलला.

एका खोलीत बसून दोन लॅपटॉपवर एकच मीटिंग ज्यांनी केली आहे, त्यांना मी कशाची वाट बघत होते ते कळेल. माझ्या स्पीकरचा आवाज तिच्या माइकमध्ये शिरतो, तिथून मीटिंगमध्ये जातो, फिरून पुन्हा माझ्या स्पीकरला येतो. दोन-चार फेऱ्यांत त्याचं माणसाच्या आवाजाशी नातं तुटतं आणि उरते ती कान फाडणारी शिट्टी. आमच्या पहिल्याच मीटिंगला ती अशी वाजली होती की संपादकबाईंनी कानातले इअरफोन काढून फेकले होते. तेव्हापासून वहिनीने नियम केला होता, एका घरात एकच माइक. ती बोलणार तेव्हा मी बंद, मी बोलणार तेव्हा ती बंद.

"एका घरात दोन बायका आणि तोंड एकच," ती म्हणायची. "वन्सं, तुमच्या दादाला विचारा, असं सुख कुठल्या नवऱ्याच्या नशिबात आहे?"

दादा जहाजावर असतो. वर्षातले चार दिवस घरी. त्याला कुठलंही तोंड ऐकायला मिळालं तरी तो खूश.

२

आमचं ऑफिस अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं ध्वनिमुद्रित करतं. वहिनी वाचते, मी ऐकते. म्हणजे पुस्तक समोर ठेवून तिचं वाचन शब्दाशब्दाने तपासते. ही नोकरी मला वहिनीनेच लावली. मी शिकून घरी बसले होते, मुलाखतीचं पत्र आलं की मी ते कपाटात ठेवून द्यायचे. "अगं, एवढ्यातेवढ्याला दचकतेस, म्हणजे कान तिखट आहेत तुझे," ती म्हणाली. "दचकायचे पैसे मिळतील असं काम देते." दादाने मात्र लहानपणापासून ठेवलेलं 'भागूबाई' हे नाव सोडलं नाही.

दिवसभर मी तिचा आवाज कानात घालून बसते. लांब वाक्याच्या आधी ती आवंढा गिळते. पान उलटताना श्वास धरते. दोन परिच्छेदांच्या मध्ये तिची खुर्ची एकदा कुरकुरते. हे सगळं मी कापून टाकते, त्यामुळे ते मला तिच्या वाचनापेक्षा जास्त पाठ आहे.

त्या सकाळच्या थोडे दिवस आधी वहिनी माहेराहून परत आली होती. तिचे वडील आजारी होते, घरात दुसरं कुणी नाही, म्हणून ती लॅपटॉप घेऊन गेली आणि तिथूनच काम करत राहिली. मग एका दुपारी दार वाजलं आणि ती दारात उभी. बॅग हातात, फोन नाही. "बाबांकडे राहिला," ती म्हणाली. "ते बरे आहेत आता."

मला इतकं बरं वाटलं होतं की मी पुढे काही विचारलंच नाही. एकटी असले की मला पाण्याच्या टाकीचाही आवाज माणसासारखा वाटतो.

३

ऑफिसात यंत्रं सांभाळणारा जो माणूस आहे त्याला आम्ही सगळे आवाजवाला म्हणतो. मी त्याला फोन केला.

"शिट्टी वाजत नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मॅडम, शिट्टी वाजते म्हणून लोक मला जेवणावरून उठवतात. वाजत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तक्रार नाही हो. का वाजत नाही ते विचारतेय."

"हे नवे प्रोग्रॅम हुशार असतात. दोन यंत्रं जवळजवळ आहेत हे त्यांना कळतं. मग ते एकाचा आवाज आपोआप दाबतात. वर पट्टी येते तशी, की जवळ दुसरं यंत्र आहे."

"पट्टी आली नाही."

"वहिनींच्या पडद्यावर?"

"नाही."

"मग त्याच्या मते तुम्ही दोघी जवळ नाही आहात." तो हसला. "भांडण झालंय का घरात?"

मीही हसले. माझं हसू जरा लांबलं असावं, कारण तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "टाळीने बघा. सेटिंगमध्ये नको ते आवाज गाळणारी चाळणी असते, ती बंद करा. दोघींनी माइक उघडा, स्पीकर बंद ठेवा. एकीने टाळी वाजवायची. ज्याचा माइक ऐकतो त्याच्या नावाची चौकट उजळते. एका खोलीत असाल तर दोन्ही उजळणार. त्यात देवसुद्धा काही करू शकत नाही."

४

ऑफिस सुरू व्हायच्या आधी रिकामी मीटिंग उघडून आम्ही दोघी बसलो.

"टाळी कशाला?" वहिनीने विचारलं.

"आवाजवाल्याने सांगितलंय."

"त्याचं काय जातंय सांगायला. वाजव."

मी टाळी वाजवली. माझ्या नावाची चौकट कडेने हिरवी झाली आणि विझली. तिची काळीच राहिली. टेबल केवढं, हात लांब केला तर तिच्या कपाला लागेल.

"आता तू."

तिने टाळी वाजवली. चांगली खणखणीत. माझ्या कानांना ती लागली, मी दचकलेसुद्धा. चौकट उजळली नाही. माझीही नाही, तिचीही नाही.

"पुन्हा एकदा वाजव ना."

तिने पुन्हा वाजवली. "बास आता, हात दुखतील माझे," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली. ती हे बोलली तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत होते, पडद्याकडे नाही. पडद्याकडे बघायला हवं होतं.

तिच्या लॅपटॉपची चाळणी बंद करायची राहिली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्याने तिच्या चौकटीचा हिशेब लागत होता. माझी चाळणी मात्र मी स्वतःच्या हाताने बंद केली होती. माझ्या माइकला माझी टाळी ऐकू गेली आणि तिची नाही.

नंतरच्या मीटिंगमध्ये तिचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. संपादकबाईंनी तर कौतुक केलं. "आल्यापासून काय वाचतेस गं. मागे काही म्हणजे काही खडखड नाही."

"हो," वहिनी म्हणाली. तिची चौकट उजळली. "मी इथेच आहे."

तसं तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळे हसले.

५

तिच्या फोनवर मी पहिल्यांदा फोन केला तो तिच्या वडिलांची चौकशी करायला. निदान मी तसं ठरवलं होतं. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

"बाबांना ऐकू कमी येतं," वहिनी म्हणाली. "त्यांना कळत नसेल वाजलेला."

"पण वाजतो तर खरा."

"मग?"

"इतके दिवस झाले, वहिनी. नुसता पडून असता तर चार्जिंग कधीच संपलं असतं. कुणीतरी रोज लावतंय ना त्याला."

"बाबा लावत असतील."

"ज्यांना वाजलेला कळत नाही, ते आठवणीने चार्जिंगला लावतात?"

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही. "तू फार विचार करतेस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला तो असता तर बरा वाटला असता. माझी वहिनी असं बोलणाऱ्याला दोन टोमणे हाणल्याशिवाय सोडत नाही.

दादाचा लॅपटॉपवर फोन आला तेव्हा वहिनी अंघोळीला गेली होती. मी हळूच विचारलं, "तुला वहिनी ठीक वाटते ना?"

"मस्त वाटते. का गं?"

"काही नाही. बोलते ना नीट?"

"माझ्याशी तर बाई आजकाल भांडतही नाही. भागूबाई, आता काय झालं? पाल दिसली?"

त्याला काय सांगणार होते मी? की तुझ्या बायकोची टाळी ऐकू येते, पण फक्त मला?

६

एक गोष्ट आमच्या कामाबाहेरच्या माणसाला माहीत नसते. धडा वाचायला सुरुवात करण्यापूर्वी वाचणाऱ्याने थोडा वेळ काही न बोलता माइकसमोर बसायचं असतं. त्या खोलीची शांतता मुद्रित करायची. वाचनातल्या चुका कापल्या की मध्ये भोकं पडतात, त्यांत ही शांतता भरतात. कोरी शांतता चालत नाही, ऐकणाऱ्याला ती खड्ड्यासारखी लागते. आणि एका खोलीची शांतता दुसरीला चालत नाही. प्रत्येक खोली आपापल्या परीने गप्प असते.

वहिनी आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, पंखा बंद करून वाचते. त्या खोलीची शांतता मी डोळे मिटून ओळखेन. फ्रिजची भिंतीतून येणारी घरघर, लिफ्टचा लांबचा हुंकार, शेजाऱ्यांचा नळ.

भूगोलाचे नवे धडे मी घाईत तपासले होते. वाचन इतकं निर्मळ होतं की कापण्यासारखं काही नव्हतंच. आवंढा नाही, खुर्ची नाही. त्या दुपारी मी सुरुवातीची शांतता काढली, आवाज पूर्ण चढवला आणि ऐकू लागले.

फ्रिज नव्हता. लिफ्ट नव्हती. पंखा होता. दर फेरीला एकदा टक् करणारा, आणि तेही सारख्या अंतराने नव्हे, लंगडत. टक्. टक्. मग जरा थांबून, टक्. दादाच्या लग्नाच्या वेळी मी वहिनीच्या माहेरी त्याच पंख्याखाली झोपले होते. झोपले म्हणजे जागी होते.

जुनी फाइल असेल, तिथे असताना वाचलेली. मी तारीख पाहिली. कालची होती. काल दुपारी वहिनी आतल्या खोलीत वाचत होती, दार बंद होतं. मला हे पक्कं आठवत होतं, कारण तिला कळू नये म्हणून मी नेमकी तीच वेळ साधून गॅलरीतून तिच्या फोनवर फोन लावला होता.

आणि मग पंख्याच्या टकटकीखाली, लांबून, घंटा वाजायला लागली.

मी इअरफोन काढले. घर गप्प होतं. पुन्हा लावले. घंटा चालूच होती. तो माझाच फोन होता.

७

ती फाइल मी बऱ्याच वेळा ऐकली. घाबरट माणूस एक तर बघतच नाही, नाही तर बघतच राहतो.

घंटेखाली आणखी काहीतरी होतं. पहिल्यांदा मला ते घासणं वाटलं. मग कळलं, पावलं आहेत. सावकाश, जड, भिंतीला धरून आल्यासारखी. चार पावलं, विसावा, पुन्हा दोन. ती फोनकडे येत होती. अगदी जवळ आली. आणि तेवढ्यात घंटा बंद झाली, कारण गॅलरीत मी कंटाळून फोन ठेवला होता. पावलं जागच्या जागी थांबली. बराच वेळ तिथेच होती. मग परत गेली, आली त्याहून हळू.

दर वेळी असंच झालं असणार. दर वेळी कुणीतरी एवढ्या लांबून उठून आलं, आणि मी ठेवून दिला.

मी अंथरुणावर बसून शांतपणे विचार करायचा प्रयत्न केला. माणूस हरवलं की घरचे शोधतात. पण घरी कुणीतरी आहे, वेळेवर उठतंय, कामाला बसतंय, नवऱ्याशी गोड बोलतंय. मग कोण शोधणार? वहिनी कुठे आहे, हा प्रश्न या जगात फक्त मलाच पडला होता, आणि मी कोण, तर पालीला भिणारी बाई. आणि ती तिथे असेल तर मीटिंगमध्ये सांगत का नाही? की ती सांगत असेल, आणि आमच्यापर्यंत येईतो त्याचं भूगोलाचं वाचन होत असेल?

दुसरा विचार याहून वाईट होता. ती पावलं वहिनीची आहेत हे मला कुणी सांगितलं? माझी वहिनी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. मी वाजवत राहिले आणि फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर?

बाहेरून हाक आली. "चहा घेतेस ना?"

चहा चांगला झाला होता. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात उबदार होता. मला रडू आलं, ते कशाचं ते माझं मलाच कळलं नाही. एवढ्या प्रेमाने ती मला कधीच वागवत नसे.

८

दुसऱ्या सकाळी ती कप विसळायला उठली तेव्हा मी तिच्या लॅपटॉपमधली चाळणी बंद केली.

मीटिंग सुरू झाली. संपादकबाई नव्या पुस्तकांबद्दल बोलत होत्या, बाकी सगळ्यांचे माइक बंद होते. फक्त वहिनीचा उघडा, कारण पुढची पाळी तिची होती. ती टेबलाच्या त्या टोकाला हात मांडीवर ठेवून बसली होती. मी फोन टेबलाखाली धरला, तिचा नंबर लावला आणि कानाशी नेला.

एक घंटा. दुसरी.

पडद्यावर वहिनीची चौकट उजळली. विझली. उजळली, विझली, घंटेच्या तालावर. माझ्या लॅपटॉपमधून बारीक घंटा ऐकू येऊ लागली. आमच्या घरात कुठलाही फोन वाजत नव्हता.

"कुणाचा फोन वाजतोय?" संपादकबाई थांबल्या. "घ्या बाई तो, नाही तर बंद करा."

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होता. एवढ्या दिवसांत मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं आणि इतकी भीतीही.

वहिनीने मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. तोंड मिटलेलं, आणि तिच्या नावाची चौकट उजळत होती, विझत होती.

वाजून वाजून फोन आपोआप बंद झाला. मी लगेच पुन्हा लावला. घंटेखाली आता पंखा ऐकू येत होता. टक्. टक्. मग टक्. त्याच्याखाली पावलं.

"अगं, कुणीतरी बघा ना," संपादकबाई म्हणाल्या. "कुणीतरी चालतंय तिथे."

"ठेव तो फोन," वहिनी म्हणाली.

हळू म्हणाली, आजारी मुलाला म्हणावं तसं. मी या वेळी तिच्याकडे बघत नव्हते, पडद्याकडे बघत होते. ती बोलली तेव्हा चौकट उजळली नाही. मीटिंगमधल्या कुणीही मान वळवली नाही.

"ठेव. तुला काय कमी पडतंय इथे?"

काहीच कमी पडत नव्हतं, हे खरं होतं. माझा अंगठा लाल बटणावर होता. फोन पुन्हा आपोआप कटला आणि मी बघितलं, की माझा हात तोच नंबर पुन्हा लावत होता. लॅपटॉपमध्ये चार पावलं वाजली. विसावा. दोन पावलं. ते जे कुणी होतं ते भिंत सोडून चालायला लागलं होतं. मी फोन कानाशी घट्ट धरला. टेबलाच्या त्या टोकाला खुर्ची सरकली. मी मान वर केली नाही. केली असती तर मी फोन ठेवला असता, हे मला स्वतःबद्दल नक्की माहीत आहे.

पावलं थांबली.

चौकट काळी झाली. लॅपटॉपमधली घंटा बंद पडली, आणि त्याच क्षणी माझ्या कानातलीही.

फोनवर कुणीतरी दम घेत होतं.

"हॅलो?" मी म्हणाले. "वहिनी?"

"आता ठेवू नकोस," ती म्हणाली.